आधी मोजा, मग नाव द्या: रेणूंचे आकार आणि हायब्रिडायझेशन शिकताना

“मॅडम, डायक्लोरोमिथेन दोन प्रकारचं असतं का?” अकरावीतल्या एका मुलीने हा प्रश्न विचारला, तेव्हा तिच्या वहीत अधिकच्या चिन्हासारखी दोन चित्रं होती. मधे कार्बन, चार बाजूंना चार हात, म्हणजे चार बंध: दोनांवर हायड्रोजन, दोनांवर क्लोरीन. एका चित्रात दोन क्लोरीन शेजारी-शेजारी, दुसऱ्यात समोरासमोर. कागदावर बघितलं तर ही दोन वेगळी संयुगंच दिसतात.

तिची शंका अगदी रास्त होती. कार्बनचे चार हात खरोखर कागदासारखे सपाट पसरलेले असते, तर डायक्लोरोमिथेनच्या दोन वेगवेगळ्या बाटल्या मिळाल्या असत्या आणि त्यांचे उत्कलनबिंदूही वेगळे असते. प्रत्यक्षात डायक्लोरोमिथेन एकच आहे, सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळणारं. दुसरं कुणालाही मिळालेलं नाही.

नेमका हाच हिशेब १८७४ साली बावीस वर्षांच्या याकोबुस व्हान्ट हॉफ या डच तरुणाने मांडला. सपाट कार्बन धरला तर किती वेगळी संयुगं मिळायला हवीत, प्रत्यक्षात किती मिळतात, आणि काही द्रावणं ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणारा) प्रकाश का वळवतात, हे एकत्र ठेवून त्याने सांगितलं की कार्बनचे चार हात चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या पिरॅमिडच्या, चार टोकांकडे जातात. त्याच वर्षी फ्रान्समध्ये जोसेफ ल बेल स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर पोहोचला. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये, आणि हायब्रिडायझेशनची कल्पना लायनस पॉलिंग यांनी मांडली १९३१ मध्ये. म्हणजे आकार आधी कळला, त्याला हे नाव मिळायला ५७ वर्षं गेली.

मी हा धडा त्याच क्रमाने शिकवते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलांच्या अंगावर अकरावीत ‘हायब्रिडायझेशन’ हा शब्द आधी येऊन पडतो. मग ती मिथेन एसपी३, ईथीन एसपी२, इथाईन एसपी अशी यादी पाठ करतात आणि यादीबाहेरचा रेणू आला की अडकतात. खालच्या क्रमाने गेलात तर यादीची गरज लागणार नाही.

काय लागेल

मूठभर काबुली चणे, टूथपिकचं एक पाकीट आणि चार फुगे. चणे रात्री भिजत घाला, सकाळी उपसून तासभर कापडावर पसरा. फार ओले असतील तर टूथपिक निसटते, कोरडे पडले तर चणा फुटतो. मॉडेल करून रात्रभर ठेवलं की चणा आकसतो आणि काडीला घट्ट धरतो. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे वापरून आकार बांधायची रीत अरविंद गुप्तांनी देशभरच्या शाळांत पोचवली. ती येत असेल तर तीही चालेल. विकतच्या मॉडेल किटसाठी थांबू नका.

पहिली पायरी: ठिपके पूर्ण करा

दहावीत शिकलेली इलेक्ट्रॉन-ठिपका संरचना इथे कामी येते. रेणूतला प्रत्येक अणू मांडा, बंध काढा, आणि बंधात न गुंतलेल्या जोड्याही काढा. या एकाकी जोड्यांना वर्गात ‘लोन पेअर’ म्हणतात. नायट्रोजनवर बहुधा एक असते, ऑक्सिजनवर दोन. सेंद्रिय रसायनात रेघांची चित्रं काढताना हायड्रोजन आणि या जोड्या दोन्ही लिहायचा कंटाळा केला जातो. सुरुवातीचे दोन-तीन महिने तरी तो करू नका. पुढची सगळी मोजणी यावर उभी आहे.

दुसरी पायरी: शेजारी मोजा

एक अणू निवडा आणि दोनच गोष्टी मोजा: त्याला थेट जोडलेले अणू किती, आणि त्याच्यावर एकाकी जोड्या किती. त्यांची बेरीज करा.

चूक होते ती दुहेरी बंधापाशी. ईथीनमधला एक कार्बन घ्या. त्याला दोन हायड्रोजन आणि एक कार्बन जोडलेला आहे, म्हणजे तीन शेजारी. कार्बनशी बंध दुहेरी आहे म्हणून मुलं चार मोजतात. मी त्यांना सांगते, हात मोजू नका, माणसं मोजा. एखाद्याने तुम्हाला दोन्ही हातांनी धरलं तरी माणूस एकच. इथाईनमध्ये तिहेरी बंध आहे, तरी प्रत्येक कार्बनला एक हायड्रोजन आणि एक कार्बन असे दोनच शेजारी.

बेरीज चार, तीन किंवा दोन येईल. कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या नेहमीच्या संयुगांत एवढंच पुरतं.

तिसरी पायरी: फुगे बांधा

ही पायरी वाचून सोडू नका, हाताने करा. दोन फुगे सारख्या आकाराचे फुगवा आणि त्यांची तोंडं एकमेकांना बांधा. ते एका रेषेत विरुद्ध दिशांना राहतात. तिसरा बांधा, तिघे टेबलावर सपाट पसरतात, मधला कोन साधारण १२० अंश. आता चौथा. चौथा बांधताच अख्खा गुच्छ टेबलावरून उठतो. तीन फुगे तिवईसारखे खाली टेकतात आणि एक सरळ वर जातो. दाबून सपाट करायला जा, हात काढला की पुन्हा तसाच होतो. कुणीही त्यांना कोन शिकवलेला नाही. चार फुगीर वस्तूंना एकमेकींपासून जास्तीत जास्त लांब राहायचं असेल तर हीच जागा उरते.

इलेक्ट्रॉनांच्या जोड्याही एकमेकींपासून अशाच लांब राहतात. सिजविक आणि पॉवेल यांनी १९४० मध्ये हा विचार मांडला, गिलेस्पी आणि नायहोम यांनी १९५७ मध्ये त्याचे नीट नियम बांधले.

चार फुग्यांमधला कोन १०९.५ अंश. हा आकडा कुठून येतो ते बघायला एक घनाकार खोका घ्या. कार्बन खोक्याच्या बरोबर मध्यभागी आहे असं समजा. वरच्या बाजूचे समोरासमोरचे दोन कोपरे निवडा आणि खालच्या बाजूचे, वर न निवडलेल्यांच्या खाली येणारे दोन. या चार कोपऱ्यांवर चार हायड्रोजन. झालं मिथेन. मध्यापासून कोणत्याही दोन कोपऱ्यांकडे रेघा ओढल्या की त्यांच्यातला कोन १०९.५ अंश भरतो.

आता त्या मुलीचा प्रश्न. मी तिला चण्यांची दोन मॉडेलं करायला लावली. मधल्या चण्यात चार काड्या चतुष्फलकासारख्या खोचल्या, दोन काड्यांच्या टोकांना हळदीत घोळवलेले चणे, ते क्लोरीन. एकात तिने क्लोरीन ‘शेजारी’ ठेवले, दुसऱ्यात ‘समोरासमोर’. मग दोन्ही हातांत घेऊन फिरवत राहिली. दोन-तीन वळणांत दोन्ही मॉडेलं हुबेहूब एकसारखी झाली आणि पहिलं कोणतं होतं ते तिलाही सांगता येईना. चतुष्फलकाच्या कोणत्याही दोन टोकांमधलं नातं सारखंच असतं, त्यामुळे शेजारी आणि समोर हा फरकच उरत नाही. ती दोन चित्रं कागदाच्या सपाटपणातून आली होती.

एक बारकावा. रेणूचा आकार सांगताना आपण फक्त अणूंच्या जागा सांगतो, एकाकी जोडी धरत नाही. अमोनियात नायट्रोजनची बेरीज चार येते, पण चौथी जागा जोडीची, म्हणून आकार तीन पायांच्या बुटक्या पिरॅमिडसारखा. पाण्यात दोन जागा जोड्यांच्या, म्हणून रेणू वाकडा. एकाकी जोडी एकाच केंद्रकाने धरलेली असल्याने जास्त जागा व्यापते आणि बंधांना जवळ ढकलते. मिथेनमध्ये १०९.५, अमोनियात १०७, पाण्यात १०४.५ अंश. हे उतरते आकडे मुद्दाम पाठ करावे लागत नाहीत, कारण लक्षात राहिलं की तेही राहतात.

चौथी पायरी: आता नाव

आकार हातात आल्यावरच ऑर्बिटलकडे वळा. ऑर्बिटल म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जास्त असलेली जागा; एस आणि पी ही तिच्या प्रकारांची नावं. कार्बनच्या बाहेरच्या कवचात चार इलेक्ट्रॉन: दोन २एस मध्ये, दोन २पी मध्ये. तीन पी ऑर्बिटल एकमेकांशी ९० अंशात. यावरून अंदाज बांधला तर कार्बनने दोनच बंध करायला हवेत, तेही काटकोनात. मिथेनमध्ये मात्र चार बंध आहेत आणि चौघांची लांबी, ताकद, कोन सगळं सारखं. ही तफावत मिटवायला पॉलिंग यांनी एस आणि पी ऑर्बिटल गणिताने एकत्र मिसळली.

भाकरीच्या पिठाने हे समजून घ्या. एक वाटी ज्वारीचं पीठ, तीन वाट्या बाजरीचं. चारही परातीत ओतून एकजीव करा आणि पुन्हा वाट्या भरा. वाट्या चारच भरतात, आणि प्रत्येकीत पाव वाटी ज्वारी, पाऊण वाटी बाजरी. ज्वारी म्हणजे एस, बाजरी म्हणजे पी. मिसळून तयार झालेली चार सारखी ऑर्बिटल म्हणजे एसपी३, प्रत्येकात एसचा वाटा २५ टक्के. ऑर्बिटलना दिशा असते, पिठाला नसते, एवढा फरक ध्यानात असू द्या. पण जितकी घातली तितकीच निघतात, हा नियम पिठातून पक्का होतो.

म्हणून दुसऱ्या पायरीतली बेरीज म्हणजे किती वाट्या हव्यात त्याचा आकडा:

बेरीज ४: एक एस, तीन पी, म्हणजे एसपी३, चतुष्फलक, १०९.५ अंश.
बेरीज ३: एक एस, दोन पी, म्हणजे एसपी२, सपाट त्रिकोण, १२० अंश.
बेरीज २: एक एस, एक पी, म्हणजे एसपी, सरळ रेषा, १८० अंश.

एक गोष्ट मला नवख्यांपासूनही लपवावीशी वाटत नाही. हायब्रिडायझेशन ही अणूच्या आत घडणारी घटना नाही. कार्बन आधी ऑर्बिटल मिसळतो आणि मग बंध करतो, असं काही होत नसतं. मिथेनमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते हे मोजलं, तर चार बंध सारखे असूनही बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या दोन वेगळ्या पातळ्या दिसतात. तेव्हा ‘एसपी३ आहे म्हणून चतुष्फलक’ असं न म्हणता ‘चतुष्फलक आहे, त्याचं वर्णन एसपी३’ असं म्हणायची सवय लावा.

पाचवी पायरी: बाजूला राहिलेली वाटी

एसपी२ मध्ये एक ज्वारी आणि दोन बाजरी मिसळली. तिसरी बाजरीची वाटी तशीच कोरी बाजूला राहिली. ते उरलेलं पी ऑर्बिटल सपाट त्रिकोणाला काटकोनात, अर्धं वर आणि अर्धं खाली उभं असतं. ईथीनमध्ये असे दोन कार्बन शेजारी आले की त्यांची उभी पी ऑर्बिटल बाजूने एकमेकांवर टेकतात. हा पाय (π) बंध. समोरासमोर जुळून होणारा तो सिग्मा (σ) बंध. एकेरी बंधात फक्त सिग्मा, दुहेरीत एक सिग्मा आणि एक पाय, तिहेरीत एक सिग्मा आणि दोन पाय.

पाय बंधाचा स्वभाव समजायला दोन्ही तळहात समोर उभे धरा, एकमेकांना समांतर. हे दोन पी. आता एक हात मनगटातून आडवा करा. तळहात जुळत नाहीत, बंध गेला. म्हणून दुहेरी बंध फिरत नाही. इथेनमधला एकेरी बंध फिरवायला मोलमागे साधारण १२ किलोज्यूल लागतात, खोलीच्या तापमानाला तो सतत गरगरत असतो. ईथीनमध्ये तोच फेर घ्यायला सुमारे २७० किलोज्यूल. एका बाजूचे गट त्याच बाजूला राहतात, आणि सिस (गट एकाच बाजूला) व ट्रान्स (विरुद्ध बाजूंना) असे दोन खरे वेगळे पदार्थ तयार होतात.

हे वाचताना तुमच्या डोळ्यात तेच चाललं आहे. दृष्टिपटलावर रेटिनल नावाचा रेणू प्रथिनात बसलेला असतो, त्याच्या अकराव्या कार्बनापाशी दुहेरी बंध सिस असतो. प्रकाशाचा एक फोटॉन आदळला की पाय बंध तेवढ्यापुरता सैल होतो, बंध फिरतो आणि ट्रान्स होतो. वाकडा रेणू सरळ झाला की प्रथिनाला धक्का बसतो आणि तिथून मेंदूकडे जाणारा संदेश सुरू होतो.

इथाईनमध्ये दोन वाट्या कोऱ्या राहतात, म्हणून दोन पाय बंध आणि सरळ रेषेतला रेणू. एसचा वाटा आता ५० टक्के. एस ऑर्बिटल केंद्रकाच्या जास्त जवळ असतं, त्यामुळे हा वाटा वाढला की इलेक्ट्रॉन आत ओढले जातात आणि बंध आखूड होतात. कार्बन-कार्बन बंधाची लांबी इथेनमध्ये १५४ पिकोमीटर, ईथीनमध्ये १३४, इथाईनमध्ये १२०. इथे बंधांची संख्याही वाढते आहे, हे खरं. पण कार्बन-हायड्रोजन बंध तर तिन्हीकडे एकेरीच आहे, आणि तोही मिथेनमधल्या १०९ वरून इथाईनमध्ये १०६ वर येतो.

इलेक्ट्रॉन असे आत ओढलेले असल्यामुळे इथाईनचा कार्बन हायड्रोजनला तुलनेने सहज सोडतो आणि मागे राहिलेला ऋण प्रभार पेलतो. पीकेए बघा, म्हणजे हायड्रोजन सोडण्याची तयारी सांगणारा आकडा, जितका लहान तितकी तयारी जास्त: इथेन सुमारे ५०, ईथीन ४४, इथाईन २५. आंबे पिकवायला चोरून वापरतात ते कॅल्शियम कार्बाइड म्हणजे इथाईनचे दोन्ही हायड्रोजन गेल्यावर उरलेला ऋण आयन, कॅल्शियमच्या सोबतीला. त्याला ओलावा लागला की इथाईन वायू परत तयार होतो. झाडाचं स्वतःचं पिकवणारं संप्रेरक आहे ईथीन, आणि इथाईन त्याची नक्कल करतो. फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यावर भारतात बंदी आहे, कारण बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असते. ईथीन वायूला मात्र ठरलेल्या मर्यादेत परवानगी आहे.

सहावी पायरी: एक अख्खा रेणू

पॅरासिटामॉल घ्या, तापाची गोळी. सहा कार्बनांचं बेंझीनचं कडं. एका कार्बनावर ओएच गट, त्याच्या बरोबर समोरच्या कार्बनावर एनएच. त्या नायट्रोजनला पुढे एक कार्बन जोडलेला, ज्याचा ऑक्सिजनशी दुहेरी बंध आहे, आणि टोकाला सीएच३.

कड्यातल्या प्रत्येक कार्बनाला तीन शेजारी: सहाही एसपी२. ऑक्सिजनशी दुहेरी बंध असलेल्या कार्बनाला एक ऑक्सिजन, एक नायट्रोजन, एक कार्बन, म्हणजे तीन: एसपी२. टोकाच्या कार्बनाला चार: एसपी३. आठ कार्बनांचा हिशेब मिनिटात झाला.

नायट्रोजनपाशी थांबा. त्याला कड्यातला कार्बन, दुसरा कार्बन, एक हायड्रोजन आणि एक एकाकी जोडी. बेरीज चार, म्हणजे एसपी३ आणि पिरॅमिड? नाही. हा नायट्रोजन सपाट असतो, एसपी२. त्याची जोडी शेजारच्या पाय बंधाला लागून आहे. ती पी ऑर्बिटलमध्ये उभी राहिली तर शेजारच्या पी ऑर्बिटलशी जुळून पसरू शकते, आणि पसरण्यात ऊर्जेचा फायदा आहे. याचा पुरावा बंधाच्या लांबीत दिसतो: साधा कार्बन-नायट्रोजन एकेरी बंध सुमारे १४७ पिकोमीटर, अशा अमाइडमधला (ऑक्सिजनशी दुहेरी बंध असलेल्या कार्बनाला नायट्रोजन जोडलेला असतो तो गट) सुमारे १३३.

तर नियम असा: एकाकी जोडी असलेला अणू पाय बंधाच्या लगेच शेजारी असेल, तर बेरजेतून एक जोडी वजा करा. प्रथिनांत अमिनो आम्लांना जोडणारा प्रत्येक पेप्टाइड बंध याच कारणाने सपाट आहे. पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये प्रथिनांची अल्फा हेलिक्स ही मळसूत्री रचना मांडली ती हा सपाटपणा धरूनच. पॅरासिटामॉलच्या ओएचमधल्या ऑक्सिजनलाही हाच नियम लागतो, पण तिथे जोडीचं गुंतणं कमी असतं, म्हणून एसपी२ आणि एसपी३ अशी दोन्ही उत्तरं छापलेली दिसतील.

सीईटी, नीट आणि जेईईत सिग्मा-पाय बंध मोजायला सांगतात. एकेक मोजत बसू नका. सिग्मा बंध म्हणजे एकूण अणू वजा एक, अधिक कड्यांची संख्या. पॅरासिटामॉलमध्ये २० अणू, एक कडं: सिग्मा २०. पाय बंध कड्यात तीन आणि ऑक्सिजनशी एक: चार.

जिथे मोजणी अडखळते

सायक्लोप्रोपेनमध्ये प्रत्येक कार्बनाला चार शेजारी आहेत, पण तीन कार्बनांचा त्रिकोण असल्याने कोन ६० अंशांचाच. चण्यांचं मॉडेल करा, काड्या वाकतात. रेणूतही तसाच ताण असतो आणि कडं सहज तुटतं.

धन प्रभार असलेल्या कार्बनाला तीन शेजारी आणि जोडी नाही: एसपी२, सपाट. म्हणून पुढच्या अभिक्रियेत त्याच्यावर वरून किंवा खालून, कुठूनही हल्ला होऊ शकतो.

पिरिडीन म्हणजे बेंझीनच्या कड्यात एका कार्बनाच्या जागी नायट्रोजन. तो नायट्रोजन: दोन शेजारी, एक जोडी, बेरीज तीन, एसपी२. इथे वजाबाकी करू नका. नायट्रोजनचं पी ऑर्बिटल कड्यातल्या पाय बंधात आधीच गुंतलेलं आहे, जोडी कड्याच्या प्रतलात बाहेर तोंड करून बसली आहे आणि मोकळी आहे. पायरोलमध्ये, म्हणजे चार कार्बन आणि एक एनएच यांच्या कड्यात, उलट: नायट्रोजनला तीन शेजारी आणि एक जोडी, ती जोडी कड्यात सामील. तोही एसपी२. पिरिडीन आम्लाशी झटकन संयोग पावतं आणि पायरोल पावत नाही, ते यामुळेच.

सरावाला

अ‍ॅक्रिलोनायट्राइल: तीन कार्बन ओळीने, पहिल्या दोघांत दुहेरी बंध, तिसऱ्याचा नायट्रोजनशी तिहेरी बंध. उत्तर: एसपी२, एसपी२, एसपी, नायट्रोजनही एसपी. सात अणू, कडं नाही, सिग्मा सहा, पाय तीन.

अलीन: तीन कार्बन, दोन दुहेरी बंध लागोपाठ. मधल्याला दोनच शेजारी, म्हणून एसपी, टोकाचे दोघे एसपी२. याचं मॉडेल नक्की करा. मधल्या कार्बनाची दोन उरलेली पी ऑर्बिटल एकमेकांना काटकोनात असल्याने एका टोकाचे हायड्रोजन उभे असतील तर दुसऱ्या टोकाचे आडवे येतात. कागदावर हे दिसत नाही.

आणि लवंगेला तिचा वास देणारं युजेनॉल: बेंझीनचं कडं, त्यावर एक ओएच, शेजारी ऑक्सिजनमार्फत जोडलेला एक सीएच३, आणि पलीकडे तीन कार्बनांची शेपटी, जिच्या शेवटच्या दोन कार्बनांत दुहेरी बंध आहे. उत्तर झाकून आधी स्वतः मोजा. दहा कार्बनांपैकी आठ एसपी२, दोन एसपी३. २४ अणू, एक कडं, सिग्मा २४, पाय चार.